दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर

दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१७ जानेवारी १९०५ – १९८६) हे अंकगणितातील संख्यांच्या गुणधर्मांचा आयुष्यभर शोध घेणारे मराठी गणितज्ञ आणि शाळाशिक्षक होते. नाशिकजवळच्या देवळाली येथे १९३० ते १९६२ या काळात त्यांनी अध्यापन केले आणि फावल्या वेळात संख्याशास्त्रावर संशोधन केले. कापरेकर स्थिरांक म्हणून ओळखली जाणारी ६१७४ ही संख्या, कापरेकर संख्या, डेम्लो संख्या, हर्षद संख्या आणि स्वयंभू संख्या ही त्यांची प्रमुख देणगी मानली जाते. त्यांच्याकडे पदव्युत्तर पदवी नव्हती, तसेच विद्यापीठातील पदही नव्हते. हयातीत बराच काळ त्यांचे काम देशातील अनेक गणितज्ञांनी क्षुल्लक मानले. १९७५ नंतर मात्र त्यांचे नाव जगभरातील गणितप्रेमींना परिचित झाले.

बालपण आणि शिक्षण

कापरेकरांचा जन्म तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील डहाणू येथे झाला. ते आठ वर्षांचे असताना त्यांच्या आईचे निधन झाले आणि त्यांचा सांभाळ वडिलांनी केला. वडील कारकून होते आणि त्यांना फलज्योतिषाची आवड होती. ज्योतिषाला गहन गणित लागत नसले, तरी आकडेमोड सतत करावी लागते. त्यामुळे अंकांशी खेळण्याचे वळण मुलाला घरातच लागले. माध्यमिक शिक्षणासाठी ते ठाण्याच्या शाळेत गेले. आकडेमोडीच्या सोप्या रीती शोधणे आणि गणिती कोडी सोडवणे हा तेव्हापासूनच त्यांचा छंद होता.

१९२३ मध्ये त्यांनी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात प्रवेश घेतला. विद्यार्थ्याने स्वतंत्रपणे केलेल्या गणिती कामासाठी रँग्लर र. पु. परांजपे यांच्या नावाचे पारितोषिक दिले जात असे. १९२७ मध्ये ते कापरेकरांना मिळाले. १९२९ मध्ये त्यांनी मुंबई विद्यापीठाची विज्ञान शाखेची पदवी संपादन केली. त्यांचे औपचारिक शिक्षण येथेच संपले. पुढील संशोधनात त्यांना कोणी मार्गदर्शक लाभला नाही.

देवळालीतील अध्यापन

१९३० मध्ये कापरेकर देवळालीच्या शाळेत शिक्षक म्हणून रुजू झाले आणि १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत तेथेच राहिले. देवळाली ही लष्करी छावणीची वस्ती होती. विद्यापीठाचे ग्रंथालय, संशोधकांची मंडळी किंवा नियमित चर्चासत्रे यांपैकी तेथे काही नव्हते. ज्या गणिताला मोठी ग्रंथसंपदा किंवा प्रगत शाखांचे प्रशिक्षण लागते, ते गणित अशा ठिकाणी करणे कठीण होते. संख्या आणि तिचे अंक मात्र कोठेही उपलब्ध असतात. कापरेकरांनी आपले क्षेत्र तेथेच निवडले. एखादी संख्या लिहिली की तिचे अंक काय सांगतात, ते उलटे केले, त्यांची बेरीज केली किंवा वर्ग करून त्याचे दोन तुकडे पाडले तर काय घडते, असे त्यांचे प्रश्न असत.

महाविद्यालयांमध्ये व्याख्याने देण्यासाठी त्यांना निमंत्रणे येत. गणित परिषदांमध्येही ते आपले निष्कर्ष मांडत. त्यांचे काही लेख ‘स्क्रिप्टा मॅथेमॅटिका’ या अमेरिकन नियतकालिकात आणि भारतातील ‘मॅथेमॅटिक्स स्टुडंट’मध्ये प्रसिद्ध झाले. अनेक पुस्तिका त्यांनी स्वतः छापून देवळालीहून प्रकाशित केल्या. आवर्ती दशांशांच्या चक्रांवरील त्यांची पुस्तिका १९५० मध्ये निघाली.

डेम्लो संख्या

कापरेकरांच्या आरंभीच्या कामात डेम्लो संख्यांचा समावेश होतो. त्यांवरील त्यांचा लेख १९३८ मध्ये ‘मॅथेमॅटिक्स स्टुडंट’मध्ये आला. मुंबईपासून सुमारे ३० मैलांवर, तेव्हाच्या जी. आय. पी. रेल्वेवर असलेल्या डेम्लो या स्थानकावर त्यांना ही कल्पना सुचली, म्हणून त्यांनी संख्यांना त्या स्थानकाचे नाव दिले. हे स्थानक म्हणजे आजचे डोंबिवली.

डेम्लो संख्येचे तीन भाग पडतात. मधल्या भागात एकच अंक एकदा किंवा अनेकदा येतो, आणि डावा व उजवा भाग मिळवले असता तोच अंक पुन्हा मिळतो. उदाहरणार्थ, १६५ मध्ये १ आणि ५ यांची बेरीज ६ होते. २५५३ मध्ये २ आणि ३ मिळून ५ होतात, तर ४७७७३ मध्ये ४ आणि ३ मिळून ७ होतात. या संख्यांचे मूळ १११ किंवा ११११ यांसारख्या केवळ १ या अंकाने लिहिलेल्या संख्यांच्या गुणाकारात आहे. २५५३ म्हणजे २३ गुणिले १११ आणि ४७७७३ म्हणजे ४३ गुणिले ११११. अशा गुणाकारात गुणकाचे दोन अंक एकेका घराने सरकून एकमेकांवर येतात, त्यामुळे मधल्या प्रत्येक घरात दोघांची बेरीज उमटते आणि दोन्ही टोकांना एकेक अंक एकटा राहतो.

११, १११, ११११ यांचे वर्ग अनुक्रमे १२१, १२३२१ आणि १२३४३२१ असे येतात. १२३४३२१ या संख्येत १२३ आणि ३२१ यांची बेरीज ४४४ होते आणि मधला अंकही ४ आहे. म्हणून हे वर्गही डेम्लो संख्यांतच मोडतात. नऊ वेळा १ लिहून तयार होणाऱ्या संख्येच्या वर्गापर्यंत ही चढती-उतरती मांडणी टिकते. त्या वर्गाची किंमत १२३४५६७८९८७६५४३२१ इतकी आहे.

६१७४ : कापरेकर स्थिरांक

कापरेकरांचा सर्वांत प्रसिद्ध शोध १९४६ मधला आहे. १९४९ मध्ये मद्रास येथील गणित परिषदेत त्यांनी तो जाहीर केला आणि १९५० च्या दशकात ‘स्क्रिप्टा मॅथेमॅटिका’मधील लेखांतून प्रसिद्ध केला.

सर्व अंक एकसारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. तिचे अंक उतरत्या क्रमाने मांडून होणाऱ्या संख्येतून तेच अंक चढत्या क्रमाने मांडून होणारी संख्या वजा करावी. आलेल्या उत्तरावर हीच कृती पुन्हा करावी. उत्तर तीन अंकी आले तर आरंभी शून्य धरून ते चार अंकी मानावे. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत उत्तर ६१७४ येते आणि त्यानंतर ते बदलत नाही, कारण ७६४१ मधून १४६७ वजा केल्यास पुन्हा ६१७४ च उरतात.

कापरेकरांचे जन्मवर्ष १९०५ घेतले, तर ९५१० वजा ०१५९ म्हणजे ९३५१ येतात. पुढील उत्तरे ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि ६१७४ अशी येतात. म्हणजे या संख्येला पूर्ण सात पायऱ्या लागतात.

या निष्कर्षामागील कारण साध्या बीजगणिताने उलगडते. चार अंक मोठ्याकडून लहानाकडे अ, ब, क, ड असे मानले, तर वजाबाकीचे उत्तर ‘अ आणि ड यांतील फरकाची ९९९ पट’ अधिक ‘ब आणि क यांतील फरकाची ९० पट’ इतके असते. म्हणजे उत्तर केवळ दोन फरकांवर अवलंबून राहते. पहिला फरक १ ते ९ पर्यंत असू शकतो आणि दुसरा पहिल्यापेक्षा मोठा असू शकत नाही, म्हणून पहिल्या पायरीनंतर फक्त ५४ उत्तरे संभवतात. सुमारे नऊ हजार चार अंकी संख्यांचा प्रश्न अशा रीतीने ५४ संख्यांवर येतो आणि त्या सर्व एकेक करून तपासता येतात. ६१७४ चे अंक ७, ६, ४, १ या क्रमाने मांडले तर हे फरक ६ आणि २ येतात. ९९९ ची ६ पट ५९९४ आणि ९० ची २ पट १८० यांची बेरीज पुन्हा ६१७४ होते.

तीन अंकी संख्यांसाठी हीच कृती ४९५ वर स्थिरावते. दोन अंकी संख्या मात्र एका जागी थांबत नाहीत, तर ९, ८१, ६३, २७, ४५ या चक्रात फिरत राहतात. पाच अंकी संख्यांमध्येही स्थिर संख्या सापडत नाही. ७४९४३, ६२९६४, ७१९७३ आणि ८३९५२ हे तेथील एक चक्र आहे. सहा अंकांत ५४९९४५ आणि ६३१७६४ या दोन संख्या स्थिर राहतात, परंतु सर्व सहा अंकी संख्या त्यांच्याकडे येत नाहीत. एकाच संख्येकडे सर्व वाटा जाण्याचा गुणधर्म तीन आणि चार अंकांतच दिसतो, हे ६१७४ चे वैशिष्ट्य आहे.

कापरेकर संख्या

एखाद्या संख्येचा वर्ग करून त्याचे दोन भाग पाडले आणि त्या भागांची बेरीज मूळ संख्येइतकी आली, तर तिला कापरेकर संख्या म्हणतात. ४५ चा वर्ग २०२५ आहे आणि २० अधिक २५ म्हणजे ४५. ५५ चा वर्ग ३०२५ आहे आणि ३० अधिक २५ म्हणजे ५५. २९७ चा वर्ग ८८२०९ आहे आणि ८८ अधिक २०९ म्हणजे २९७. ७०३ चा वर्ग ४९४२०९ आहे आणि ४९४ अधिक २०९ म्हणजे ७०३. ९, ९९, ९९९ अशा केवळ ९ या अंकाने लिहिलेल्या सर्व संख्या या गटात येतात. मोठ्या संख्यांपैकी १४२८५७ ही संख्या विशेष परिचित आहे, कारण १ ला ७ ने भागल्यावर मिळणाऱ्या आवर्ती दशांशाचे हेच अंक आहेत. तिचा वर्ग २०४०८१२२४४९ येतो आणि २०४०८ अधिक १२२४४९ म्हणजे पुन्हा १४२८५७.

या संख्या बहुधा जोडीने येतात. ४५ आणि ५५ यांची बेरीज १०० होते, २९७ आणि ७०३ यांची १०००, तर २७२८ आणि ७२७२ यांची १००००. याचे कारण ९९ किंवा ९९९ यांच्या विभाजकांत आहे. वर्गाचा उजवा भाग तीन अंकी धरला, तर वर्गातून मूळ संख्या वजा केल्यावर उरणारी संख्या डाव्या भागाच्या ९९९ पट असते. म्हणजे ती संख्या आणि तिच्या आधीची संख्या यांच्या गुणाकाराला ९९९ ने भाग जातो. लागोपाठच्या दोन संख्यांना १ खेरीज सामाईक विभाजक नसतो, त्यामुळे ९९९ चे २७ आणि ३७ हे भाग दोघींत वाटले जातात. २९७ ला २७ ने आणि २९६ ला ३७ ने भाग जातो. उलट ७०३ ला ३७ ने आणि ७०२ ला २७ ने. वाटणी उलटी केली की जोडीदार संख्या मिळते.

या संख्यांवरील कापरेकरांचा लेख १९८० च्या सुमारास ‘जर्नल ऑफ रिक्रिएशनल मॅथेमॅटिक्स’मध्ये आला. २००० मध्ये डग्लस इआनुची यांनी कापरेकर संख्या आणि केवळ ९ या अंकाने लिहिलेल्या संख्यांची सहमूळ अवयवांत होणारी विभागणी यांच्यातील नेमका संबंध दाखवून दिला.

स्वयंभू संख्या आणि पंचवीस अंकी संख्या

१९४९ मध्ये कापरेकरांनी आणखी एका कल्पनेवर काम सुरू केले. कोणतीही संख्या घेऊन तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवली की नवी संख्या मिळते. ४७ मध्ये ११ मिळवले की ५८, त्यात १३ मिळवले की ७१, मग ७९, ९५ आणि १०९ अशी मालिका तयार होते. या मालिकेतील सर्व संख्यांच्या सर्व अंकांची एकूण बेरीज काढायची तर प्रत्येक अंक मोजावा लागत नाही. शेवटच्या संख्येतून पहिली वजा करून शेवटच्या संख्येच्या अंकांची बेरीज त्यात मिळवावी. १०९ वजा ४७ म्हणजे ६२, त्यात १० मिळवले की ७२. अंक मोजून पाहिले तरी बेरीज ७२ च येते.

ज्या संख्येपासून नवी संख्या तयार होते, तिला जनक संख्या म्हणता येईल. १५ ही २१ ची जनक संख्या आहे. काही संख्यांना मात्र जनकच नसतो, म्हणजे दुसऱ्या कोणत्याही संख्येपासून त्या या रीतीने तयार होत नाहीत. १, ३, ५, ७, ९, २०, ३१, ४२, ५३, ६४, ७५, ८६ आणि ९७ या अशा सुरुवातीच्या संख्या आहेत. त्यांना स्वयंभू संख्या किंवा कापरेकरांच्या गावावरून देवळाली संख्या म्हणतात. १९७४ मध्ये कोलंबियाचे गणितज्ञ बर्नार्डो रेकामान यांनी हाच प्रश्न ‘अमेरिकन मॅथेमॅटिकल मंथली’मध्ये मांडल्यामुळे त्यांना कोलंबियन संख्या असेही नाव मिळाले.

दिलेली संख्या स्वयंभू आहे की नाही हे ठरवण्यासाठी कापरेकरांनी छोटी कसोटी दिली. अंकांची बेरीज एक अंक उरेपर्यंत करत जावी. तो अंक सम असल्यास निम्मा करावा, विषम असल्यास त्यात ९ मिळवून निम्मा करावा. आलेली संख्या मूळ संख्येतून वजा करून उत्तर जनक आहे का ते पाहावे. नसल्यास आणखी ९ वजा करून पुन्हा पाहावे. मूळ संख्येत जितके अंक तितक्या वेळा तपासूनही जनक न मिळाल्यास ती संख्या स्वयंभू असते. स्वयंभू संख्यांवरील त्यांची पुस्तिका १९६३ मध्ये प्रकाशित झाली. या कसोटीने १९६३ ही संख्याही स्वयंभू ठरते.

याच्या उलट काही संख्यांना एकाहून अधिक जनक असतात. इंग्रजीत त्यांना जंक्शन नंबर म्हणतात आणि मराठीत संगम संख्या म्हणता येईल. सर्वांत लहान संगम संख्या १०१ आहे. ९१ मध्ये १० मिळवले तरी १०१ होतात आणि १०० मध्ये १ मिळवला तरीही १०१ च. तीन जनक असलेली सर्वांत लहान संख्या एकदम चौदा अंकी आहे : १००००००००००००१. तिचे जनक १००००००००००००० , ९९९९९९९९९९९०१ आणि ९९९९९९९९९९८९२ हे आहेत.

चार जनक असलेली सर्वांत लहान संख्या कापरेकरांना निवृत्तीच्या आदल्या वर्षी, ७ जून १९६१ रोजी सापडली. १ नंतर २१ शून्ये आणि शेवटी १०२ अशी ती पंचवीस अंकी संख्या आहे. तिचे चार जनक पुढीलप्रमाणे आहेत :

१ नंतर २२ शून्ये आणि शेवटी ९१ (अंकांची बेरीज ११)
१ नंतर २१ शून्ये आणि शेवटी १०० (अंकांची बेरीज २)
२२ नऊ आणि शेवटी ०२ (अंकांची बेरीज २००)
२१ नऊ आणि शेवटी ८९३ (अंकांची बेरीज २०९)

एवढ्या मोठ्या संख्येपर्यंत एकेक संख्या तपासत जाणे शक्य नाही. मात्र तिची रचना समजून घेण्यास अवघड नाही. पहिल्या दोन जनकांत आरंभीच्या १ ची भर बाजूला ठेवली, तर उरलेल्या भागाने १०१ तयार करायचे असतात आणि १०१ ला ९१ व १०० असे दोन जनक आहेत. शेवटचे दोन जनक २४ वेळा ९ लिहून होणाऱ्या संख्येतून काही वजा करून मिळतात. २४ नऊंची बेरीज २१६ असते. ती संख्या १ वर २४ शून्ये या संख्येपेक्षा एकने लहान असल्याने हिशेबात २१५ धरावे लागतात. वजा केलेल्या संख्येमुळे त्यातून ती संख्या आणि तिच्या अंकांची बेरीज अशा दोन्ही गोष्टी कमी होतात. अखेरीस १०२ उरायचे असतील, तर हे दोन्ही मिळून ११३ व्हायला हवेत. ११३ ही देखील संगम संख्या असून ९७ आणि १०६ हे तिचे जनक आहेत. २४ नऊंच्या संख्येतून ९७ आणि १०६ वजा केले की वरील तिसरा आणि चौथा जनक मिळतो.

अशा प्रकारे दोन लहान संगम संख्या, १०१ आणि ११३, एका प्रचंड संख्येच्या दोन बाजूंनी एकत्र येतात. त्या नेमक्या जुळाव्यात यासाठी नऊंची संख्या २४ च असावी लागते. शोधाचे मर्म ही लांबी ओळखण्यात आहे. पाच आणि सहा जनक असलेल्या लघुतम संख्यांविषयीही कापरेकरांनी पुढे आपली अनुमाने मांडली.

हर्षद संख्या

ज्या संख्येला तिच्या अंकांच्या बेरजेने पूर्ण भाग जातो, तिला कापरेकरांनी हर्षद म्हणजे हर्ष देणारी संख्या हे संस्कृत नाव दिले. १८ च्या अंकांची बेरीज ९ आहे आणि १८ ला ९ ने भाग जातो. १७२९ च्या अंकांची बेरीज १९ आहे आणि १९ गुणिले ९१ म्हणजे १७२९. कापरेकर स्थिरांकही हर्षद आहे. ६१७४ च्या अंकांची बेरीज १८ असून भागाकार ३४३ म्हणजे ७ चा घन येतो. अमेरिकेत या संख्यांना गणितज्ञ आयव्हन निवेन यांच्या १९७७ मधील व्याख्यानानंतर निवेन संख्या असेही म्हटले जाऊ लागले. लागोपाठच्या २० पेक्षा अधिक संख्या हर्षद असू शकत नाहीत, हे कर्टिस कूपर आणि रॉबर्ट केनेडी यांनी पुढे सिद्ध केले.

याशिवाय कापरेकरांना जादूच्या चौरसांचीही आवड होती. खगोलशास्त्रज्ञ कोपर्निकस यांच्या नावाने त्यांनी एक जादूचा चौरस रचला होता.

टीका आणि मूल्यमापन

कापरेकरांच्या कामाकडे भारतातील अनेक व्यावसायिक गणितज्ञांनी करमणूक म्हणून पाहिले. या दृष्टिकोनामागे एक खरा आक्षेप होता. अंकांचे गुणधर्म संख्येपेक्षा तिच्या लेखनपद्धतीवर अधिक अवलंबून असतात. मूळ संख्या कोणत्याही पद्धतीने लिहिली तरी मूळच राहते, परंतु दशमान पद्धत सोडून बारा किंवा सोळा या पायावर संख्या लिहिल्या, तर ६१७४ चे स्थान नाहीसे होते. कापरेकरांच्या अनेक लेखांत उदाहरणांचा साठा मोठा असून सर्वसाधारण सिद्धता कमी आढळतात, हेही खरे आहे.

पुढील काळातील संशोधनाने या आक्षेपाला अंशतः उत्तर दिले. कापरेकर संख्यांचा प्रश्न सहमूळ अवयवांच्या विभागणीचा प्रश्न ठरला. हा विचार केवळ दहाच्या पायापुरता मर्यादित नाही. स्वयंभू संख्यांविषयी इटालियन गणितज्ञ उम्बेर्तो झानिएर यांनी १९८२ मध्ये दाखवले की, संख्यारेषेवर पुढे जाऊ तसे त्यांचे प्रमाण एका निश्चित धन किमतीकडे झुकते. हे प्रमाण दहात एकपेक्षा किंचित कमी आहे. कापरेकरांनी विचारलेले प्रश्न लेखनपद्धतीतून निघाले असले, तरी त्यांची उत्तरे संख्याशास्त्राच्या मुख्य प्रवाहातील साधनांनी द्यावी लागली.

उत्तरायुष्य

१९६२ मध्ये कापरेकर सेवानिवृत्त झाले. १९६६ मध्ये त्यांच्या पत्नीचे निधन झाले. मिळणारे निवृत्तिवेतन चरितार्थाला अपुरे होते, त्यामुळे गणित आणि विज्ञान या विषयांच्या खासगी शिकवण्या घेऊन ते उदरनिर्वाह करत. या काळातही त्यांचे संशोधन आणि पुस्तिकांचे प्रकाशन चालू राहिले.

मार्च १९७५ मध्ये अमेरिकन लेखक मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकातील आपल्या गणिती खेळांच्या सदरात कापरेकर आणि त्यांच्या संख्यांविषयी लिहिले. हे सदर जगभर वाचले जात असल्याने देवळालीतील निवृत्त शिक्षकाचे नाव अनेक देशांत पोहोचले. त्या वेळी ते सत्तर वर्षांचे होते. त्यानंतर त्यांच्या संख्यांवर इतर देशांतील अभ्यासकांचे लेख वाढत गेले.

कापरेकरांचे निधन १९८६ मध्ये देवळाली येथे झाले.

वारसा

आज कापरेकर संख्या, स्वयंभू संख्या आणि हर्षद संख्या यांच्या मालिका नील स्लोन यांनी सुरू केलेल्या पूर्णांक मालिकांच्या आंतरजालीय कोशात नोंदवलेल्या आहेत. ६१७४ ची कृती जगभरातील शाळांमध्ये वजाबाकीचा सराव म्हणून आणि संगणक आज्ञावली शिकणाऱ्यांसाठी आरंभीचा अभ्यास म्हणून दिली जाते. ती समजण्यासाठी वजाबाकीपलीकडे काही यावे लागत नाही. परंतु ती नेहमी का थांबते, पाच अंकांत का थांबत नाही, असे विचारताच विद्यार्थी बीजगणिताकडे वळतो.

कापरेकरांनी आपल्या शोधांना दिलेली नावे त्यांच्या आयुष्याच्या परिसरातून आली. डेम्लो हे नाव रेल्वे स्थानकाचे, देवळाली हे वास्तव्याच्या गावाचे आणि हर्षद हे या कामातून मिळणाऱ्या आनंदाचे. स्थानकाचे जुने नाव आता प्रचारात राहिलेले नाही, मात्र गणिताच्या कोशांत ते या संख्यांच्या रूपाने टिकून आहे.